ला कोंबेतची पेटी

ऑल्डनफोर्ड, बेसिंगस्टोकजवळ
४ फेब्रुवारी २०२४

ति. यमुनाताई यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसतं हं म्हणतो, त्यापेक्षा चार ओळी लिहा असं तुम्ही बजावलंत, म्हणून हे पत्र. कस्तुरीला जाऊन परवा दोन महिने झाले. मी वेळेवर जेवतो, कामावर जातो. तिच्या तेराव्याला तुम्ही आणलेला स्टीलचा डबा इथेच राहिला होता. तो धुऊन पुसून आज पार्सल केला आहे.

एक अडचण आहे. आमचं गाव फ्रान्समधल्या ला कोंबेत नावाच्या खेड्याशी ट्विन केलेलं, म्हणजे जोडगाव म्हणून बांधलेलं आहे आणि त्या कमिटीची तुमची बहीण सेक्रेटरी होती, हे तुम्हाला ठाऊकच आहे. गेल्या सहा वर्षांत तिकडून कुणी आलं नाही, इकडून कुणी गेलं नाही. म्हणून पॅरिश कौन्सिलचे, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीचे, सदस्य नॅथन यांनी ठराव मांडला आहे की हे नातं आता संपवावं आणि गावाच्या पाटीवरून त्या खेड्याचं नाव काढावं. मतदान १२ मार्चला आहे. कौन्सिलच्या अध्यक्ष एलिझाबेथ घरी येऊन सांगून गेल्या की कस्तुरी त्या खेड्यावर पुस्तिका लिहीत होती, ती मिळाली तर सभेपुढे ठेवता येईल.

वही सापडली. मराठीत आहे, इंग्रजी मागाहून करणार असेल. भूगोल पूर्ण आहे. वस्ती तीनशे बारा, उंची साडेआठशे मीटर, चुनखडीचे डोंगर. गावाची नदी एका ठिकाणी जमिनीत शिरते आणि दोन मैलांवर पुन्हा वर येते. इतिहासही पूर्ण आहे. चारशे वर्षांपूर्वी लढाईत गाव जळालं, सात घरांनी ते पुन्हा उभं केलं. पुढे हिवाळ्यात बर्फामुळे बाहेर पडता येत नसे, तेव्हा घरोघरी घड्याळांचे सुटे भाग घासत बसत. तिसऱ्या भागाला मात्र फक्त ‘अर्थव्यवस्था’ एवढा मथळा आहे आणि खाली दोन शब्द: ‘पेटीपासून सुरुवात’. पुढे कोरी पानं.

त्यातच तिथल्या चीजच्या डेअरीतल्या ओदील नावाच्या बाईंचं पत्र आलं आहे. मोबाइलवर अर्थ लावला. यंदा पेटी आली नाही, सगळं ठीक आहे ना, असं विचारतात. कसली पेटी ते मला माहीत नाही. कस्तुरी गेल्याचं त्यांना कुणी कळवलेलं नाही, आणि ते कसं लिहावं मला सुचत नाही.

मी आजवर कुठल्याही सभेत तोंड उघडलेलं नाही. पण तिचं बारा वर्षांचं काम एका ठरावानं पुसलं जाऊ नये, असं वाटतं.

लोभ आहेच, पत्रं रूक्ष असली तरी तो राहू द्यावा.

आपला
श्रीनिवास


लीड्स
९ फेब्रुवारी २०२४

श्री. श्रीनिवासराव यांस,
अनेक आशीर्वाद.

डबा पोचला. रिकामा! चांगला घासूनपुसून, वर बबल रॅपमध्ये गुंडाळून रिकामा. तीस वर्षं संसार केलात कस्तुरीशी, आणि शेजारणीची वाटीसुद्धा तिनं कधी रिकामी परत केली नाही हे तुमच्या ध्यानात आलं नाही? काही नसलं तर चमचाभर साखर घालायची. पाण्याच्या पाइपांचे नकाशे काढणाऱ्या माणसाला वाट्या दिसत नाहीत, हे मी तिला लग्नाआधीच सांगितलं होतं.

रागावले नाही. हसले, आणि मग बराच वेळ रडले. आणि तेव्हाच लक्षात आलं की तुमची पेटी म्हणजे काय. कस्तुरीनंच मला सांगितलं होतं. पहिल्या वर्षी त्या ओदीलबाईंनी गोल लाकडी पेटीतून चीज पाठवलं. पेटी परत करायची, तर रिकामी कशी करणार? संक्रांत जवळ होती, हिनं तिळाच्या वड्या भरून पोस्टानं धाडली. तिकडच्यांनाही ती रिकामी ठेवणं बरं वाटलं नसावं. शरद ऋतूत चीज भरून परत आली. तेव्हापासून चाललंय. तुम्ही चीज खाल्लंतच असेल, कुठून आलं ते विचारलं नसेल.

तिला त्या खेड्याचा एवढा लळा का, तेही सांगते. आमचे बाबा सांगली जिल्ह्यात गावच्या दूध सोसायटीचे सेक्रेटरी होते. पहाटे सगळ्यांचं दूध एका कॅनमध्ये कसं जातं हे बघत ती मोठी झाली. ला कोंबेत बघून आल्यावर म्हणाली होती की ताई, आपलंच गाव आहे, फक्त बर्फ पडतं.

पेटी शोधा. वर्षाच्या आत सण करायचा नाही, हे मलाही कळतं. पण दुसऱ्याची पेटी भरायला सुतक नसतं. मी मोठी आहे, मी सांगते. तीळ मंद आचेवर भाजा, तडतडले की उतरवा. पाण्यात थेंब टाकून गोळी होईपर्यंतच गूळ शिजू द्या, पुढे गेलात तर दात पडतील.

तब्येतीला जपा, आणि हं सोडून आणखी एखादा शब्द शिका.

तुमची
यमुनाताई


ऑल्डनफोर्ड
१८ फेब्रुवारी २०२४

ति. यमुनाताई यांस,
सा. न. वि. वि.

पेटी सापडली. गॅरेजमध्ये होती. ऑक्टोबरमध्ये मला ती रिकामी दिसली, झाकण छान बसतं म्हणून मी तिच्यात स्क्रू आणि वॉशर ठेवले होते. कस्तुरी तेव्हा हॉस्पिटलमध्ये होती. तिनं एकदा विचारलंही होतं की गोल पेटी कुठे आहे. मी म्हणालो, जागेवर आहे. मला वाटलं, ती स्क्रूंबद्दलच विचारते आहे.

पेटी गरम पाण्यानं पुसून दोन दिवस उन्हात ठेवली, म्हणजे इथलं जे ऊन असतं त्यात. वड्यांचा पहिला घाणा कडक झाला, दुसरा बसलाच नाही. तिसरा बरा आहे. पोस्टानं पाठवावी असं वाटेना. सुट्टी काढली आहे, गुरुवारी गाडीनं स्वतः घेऊन जातो. ते पत्र मला लिहिता येणार नाही. समोर उभं राहून सांगता येईल बहुतेक.

आशीर्वाद हवाच आहे, यावेळी जरा जास्त.

आपला
श्रीनिवास


ऑल्डनफोर्ड
१४ मार्च २०२४

ति. यमुनाताई यांस,
सा. न. वि. वि.

जिंकलो. आधी हे लिहितो, बाकी क्रमानं.

ओदीलबाई साठीच्या आहेत, हातांना सतत चीजला चोळायचं मीठ लागलेलं. दारात मला एकट्याला पेटी घेऊन उभं पाहिलं आणि त्या समजल्या. मला काही सांगावं लागलं नाही. त्यांनी पेटी घेतली, डेअरीत नेली आणि सगळ्यांना बोलावलं. चौदा घरांचं दूध तिथे येतं. एका घराचं दूध एका मोठ्या चीजला पुरत नाही, म्हणून पूर्वी पाळीपाळीनं सगळे एका घराला दूध देत आणि त्या दिवशीचं चीज त्या घराचं होई. आता धंदा एकत्र चालतो, पण पेटी भरायची पाळी अजून तशीच फिरते. भिंतीवर अकरा फोटो आहेत, दर वर्षी उघडलेल्या पेटीचा एक. वड्यांचे चौदा वाटे झाले. कडक आहेत असं कुणीही म्हणालं नाही.

गंमत अशी की पेटी रिकामी न पाठवणं ही इंग्रजांची रीत आहे, असं ते अकरा वर्षं समजत होते. इथे एलिझाबेथना विचारलं, तर त्या म्हणाल्या की ती फ्रेंचांची रीत आहे, असं कमिटीत सगळ्यांना वाटायचं. कस्तुरीनं दोघांनाही दुरुस्त केलं नाही. ती रीत सांगली जिल्ह्यातली आहे हे मी दोन्हीकडे सांगितलं.

तिसरा भाग मी लिहिला. दूध, लाकडाची गिरणी, सीमेपलीकडे स्वित्झर्लंडला कामाला जाणारी तरुण मुलं, आणि सुरुवात पेटीपासून. माझं लिहिणं तिच्यासारखं नाही, पण माहिती बरोबर आहे. नकाशा मात्र चांगला झाला आहे. नदी जिथे जमिनीखाली जाते तिथे मी तुटक रेघ काढली आहे.

सभेत हॉल भरला होता. नॅथन सभ्य माणूस आहे, त्यांनी सगळं शांतपणे मांडलं. सहा वर्षांत भेट नाही, मग नातं कसलं, असं त्यांचं म्हणणं. मी उठलो. पेटी टेबलावर ठेवली, ओदीलबाईंनी निघताना चीज भरून दिलीच होती. शेजारी तिथून आणलेल्या त्या अकरा फोटोंच्या प्रती मांडल्या. मी लिहून नेलेला कागद खिशातच राहिला. एवढंच म्हणालो, “सहा वर्षं कुणी गेलं नाही, हे खरं आहे. पण पेटी एकदाही रिकामी गेली नाही.”

मग खाली बसलो. कौन्सिलच्या नऊपैकी नऊ सदस्यांचे हात नात्याच्या बाजूनं वर गेले, नॅथन यांचासुद्धा. टाळ्या बराच वेळ चालल्या. पाटी राहणार आहे, आणि जूनमध्ये तिकडून बावीस माणसं येणार आहेत. पुस्तिका छापायला गेली. पहिल्या पानावर कस्तुरीचं नाव आहे, एकटीचंच. माझं घालायला एलिझाबेथ म्हणाल्या, पण मी नको म्हटलं.

काल संध्याकाळी दारावर नॅथन आले. चीज सगळ्यांनी वाटून संपवलं होतं आणि पेटी त्यांच्याकडे होती. जरा संकोचून त्यांनी विचारलं की आता ही परत जाताना हिच्यात काय घालायचं असतं. मी त्यांना आत घेतलं आणि तीळ कसे भाजायचे ते दाखवलं. माझ्या सूचना तुमच्याच होत्या, दातांसकट.

सोबत तुमचा स्टीलचा डबा पाठवतो आहे असं लिहिणार होतो, पण तो तुमच्याकडेच आहे हे आठवलं. म्हणून हा आमचा पाठवला आहे, कस्तुरीचा, झाकणावर तिचं नाव कोरलेला. वड्या पाचव्या घाण्याच्या आहेत, तेव्हा निर्धास्त खा.

लोभ आहे, तो या डब्याबरोबर परत पाठवावा.

आपला
श्रीनिवास