लिओची आंघोळ आणि रविवारचा सत्कार

उंद्री,
गुरुवार, दुपार

प्रिय सुचिता,

तुझा मेसेज मिळाला. माझ्या अर्पितानं तो मला मोठ्यानं वाचून दाखवला, अधूनमधून आलेल्या हात जोडलेल्या चित्रांसकट. रविवारी चिखलीच्या मंगल कार्यालयात समाज मंडळ तुला ‘आदर्श सून’ पुरस्कार देणार, आपल्या सासूबाईंच्या अखेरच्या दिवसांत तू केलेल्या सेवेबद्दल. लिओला न्हाऊमाखू घालून, डोक्यावर गुलाबी रिबन बांधून मी स्टेजपाशी आणायचं. आणि तुझ्या सेवेवर चार मिनिटं मीच बोलायचं, कारण ‘मोठ्या जावेनं सांगितलं की लोकांना पटतं’. भाषणही तूच लिहून पाठवलंस. माझा वेळ वाचावा, दुसरं काय! वाचलं. ‘आईंच्या केसांना सुचिता रोज तेल लावायची’ हे वाक्य मात्र दोनदा वाचलं. तू पुण्यात, आई उंद्रीत. ते तेल रोज कोणत्या गाडीनं यायचं, एवढंच मला समजेना. पण ते राहू दे. आधी लिओची खुशाली.

दीपकभाऊजी त्याला सोडून गेले तो पोळ्याचा आदला दिवस. तुमच्या फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम, म्हणून पंधरा दिवसांसाठी. त्याला आता पाच आठवडे होतील. मामाजींनी सासऱ्याच्या ऐटीत टोपलीत डोकावून विचारलं, “हे कुत्रं हाये का पायपुसनं?” टोपलीत तुझा टाइप केलेला दोन पानी कागद होता. पाणी कोमट, शाम्पू त्याचाच, कानात कापूस, डोळ्यांच्या कडांना वेगळं फडकं, नखं काळजीपूर्वक. माझ्या शिवणाच्या मशीनवर ठेवून मी त्याचं पहिलं पान कौतुकानं वाचलं. आई तीन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, पण त्यांच्यासाठी तुझा असा कागद कधी आला नव्हता. नाही म्हणायला एकदा ‘टेक केअर’ आलं होतं, तेही घरच्या ग्रुपवर.

बैलजोडी विकल्यापासून पोळा आला की मामाजी नुसते ओट्यावर बसून राहतात. या वर्षी त्यांना लिओ सापडला. संध्याकाळी मी भाकरी टाकून बाहेर येते तर मामाजी वाटीत तूप-हळद कालवून त्याच्या खांद्यांना चोळताहेत. “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या,” असं बैलांना देतात तसं रीतसर आमंत्रणही देऊन झालं होतं. तुझा पांढराशुभ्र लिओ खांद्यापासून कानापर्यंत पिवळाजर्द. त्याचं नावही त्यांनी बदललं. लिओ त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून सर्जा. सकाळी हौदापाशी धरून बादलीवर बादली ओतली. “पाय दे बे सर्जा. दुसरा दे. असा काय लाजून राह्यला नवरीवानी?” तुझा शाम्पू पाहून मला म्हणाले, “काऊन वं पोरी, याले वासाचा साबन, अन् मले कपड्याचा?” मग दोघांनाही तोच शाम्पू लागला. मामाजींचे केस तेव्हापासून फार मऊ आहेत.

आंघोळीच्या गडबडीत एक चूक झाली, ती माझी. कागदाचं दुसरं पान मी उलटलं नव्हतं. तिथं पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, आधी विंचरा, मग पाणी. नाहीतर गाठी आवळतात. आवळल्या. पण आवळायला मुळात गाठी लागतात ना, सुचिता? त्या पाच बादल्यांनी तयार झाल्या नव्हत्या. त्या पुण्याहून आल्या होत्या. तो वाळल्यावर मी कानामागे बोट घातलं, तर बोट आत जाईना. काखेत घोंगडी, मांड्यांच्या आत घोंगडी. आणि पाठीवर मात्र रेशीम. तू त्याला विंचरत होतीस हे दिसत होतं, पण येणाराजाणारा हात फिरवतो तेवढ्याच जागेवर. मग अर्पितानं फोनवर शोधून दाखवलं की या जातीच्या कुत्र्याचे केस बोटांनी दुभागायचे, कातडी दिसेपर्यंत, आणि तिथून एकेक थर सोडवत वर यायचं. नुसतं वरून विंचरलं तर वरचं चमकतं आणि खालचं जास्तच घट्ट होतं. हे ऐकलं आणि माझा हात थांबला. हे मला कुत्र्यावरून कळायला नको होतं.

आईंच्या शेवटच्या दिवाळीत तू दोन दिवस आली होतीस. आईंना लोडाला टेकवून बसवलंस, फणी मागितलीस, आणि कपाळापासून वरवर चार हात मारलेस. अर्पितानं फोटो काढला. तो फोटो किती फिरला! आता म्हणे बॅनरवर येतोय. आई खूश होत्या, ते नाकारत नाही. “धाकली आली वं, धाकली आली,” असं दिवसभर घोकत होत्या. पण लोडाला टेकलेलं मागचं डोकं तू पाहिलं नाहीस. मी तेल लावून, पाणी लावून, महिनाभर तिथल्या गाठी सोडवत होते. एक सुटली की दुसरी. फणी लागली की त्या लहान मुलासारख्या रडायच्या. जटेखाली कातडी ओली झाली, वास यायला लागला, तेव्हा त्यांनीच माझा हात धरला. “काप वं छाया. डोकं हलकं कर माहं.” ब्लाऊज कापायच्या कात्रीनं मी त्यांचे केस कापले. जखमा कोरड्या व्हायला अठरा दिवस लागले.

आणि तेरवीच्या दिवशी, साठ बायांची पंगत बसलेली असताना, तू त्यांच्या फोटोपुढे पदर तोंडाला लावून म्हणालीस, “माझ्या आईंना मेंढरासारखं भादरलं हो. विंचरायचा कंटाळा आला म्हणून.” नाव घेतलं नाहीस. घ्यायची गरजही नव्हती. साठही माना माझ्याकडे वळल्या. माझ्या एका हातात वरणाचं भांडं, दुसऱ्यात पळी. मी पुढच्या पानावर वरण वाढलं. त्या पंगतीतली बेबीताई ब्लाऊज टाकायला आली की अजूनही मोठ्यानं हसते आणि म्हणते, “माप घे बाई, पन कात्री दूर ठेव.” वर्ष झालं, मी तिच्या ब्लाऊजला गळा बरोबर मागितला त्याच्यापेक्षा अर्धा इंच वर ठेवते. तिच्यापुरता हिशेब चालू आहे. तुझा राहिला होता.

तर लिओ. तुझ्या कागदात लिहिलं होतं, ‘गाठी झाल्यास कापू नये, धीराने सोडवाव्यात.’ धीर मी बारा दिवस धरला. दुपारची मशीन बंद ठेवून त्याला मांडीवर घ्यायचे आणि एकेक केस सुटा करायचे. तो ओरडायचा, मग माझाच हात चाटायचा, जणू चूक त्याची. तेराव्या दिवशी काखेतून रक्ताचा ठिपका आला. मी उठले, तीच कात्री आणली, आणि गाठींच्या खालून हळूहळू कापत गेले, कातडीला बोट लावून. दोन तास लागले. टोपलीभर केस निघाले आणि त्यातून उंदराएवढं एक गुलाबी जनावर. खाली सगळं लाल झालेलं. हळद नाही लावली, घाबरू नकोस. चिखलीच्या जनावरांच्या डॉक्टरांकडून मलम आणलं. त्या रात्री तो पाय पसरून, घोरत झोपला. मामाजी त्याच्याकडे बराच वेळ बघत बसले. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाले, “मोकळा झाला बिचारा. तुही सासू बी त्या दिशी अशीच झोपली होती.” वर्षभरात या घरात त्या केसांबद्दल कोणी काही बोललं असेल, तर एवढंच.

आता तुझ्या लक्षात आलं असेल की गेले तीन आठवडे मी त्याचे फोटो टॉवेलात गुंडाळूनच का पाठवतेय. रिबन बांधायला डोक्यावर केस उरलेले नाहीत.

भांडायचं असतं तर फोन केला असता. हे पत्र कुरिअरनं पाठवतेय, म्हणजे शनिवारी मिळेल आणि तुला सरावाला एक अख्खी रात्र राहील. रविवारी मी लिओला घेऊन येणार, ठरल्याप्रमाणे, स्टेजवर तुझ्या हातात देणार. साठ बायांतल्या निम्म्या तरी समोर असतील, बेबीताई पहिल्या रांगेत. कोणीतरी विचारणारच, “अगं बाई, याले कोनं भादरलं?” तेव्हा माइक तुझ्या हातात असेल. तू सांगायचंस, की याच्या केसांत गाठी झाल्या होत्या, खाली कातडी सडत होती, म्हणून जावेनं कापले, आणि बरोबर केलं. एवढीच चार वाक्यं, मोठ्यानं, मागच्या खुर्च्यांपर्यंत जातील अशी. लिओबद्दलच बोल, कुणाबद्दल ऐकायचं ते बायांचं बाया बघतील. तू हे म्हणालीस, तर तुझं भाषण मी जसंच्या तसं वाचीन, रोजच्या तेलासकट, आणि तुझ्या खांद्यावर शालही मीच घालीन. नाही म्हणालीस, किंवा पदर तोंडाला लावलास, तर माझी चार मिनिटं मी स्वतःच्या मनानं बोलेन, आणि सुरुवात आईंच्या मागच्या डोक्यापासून करीन. मामाजी येणार आहेत. धोतर धुवायला टाकलंय.

त्याला उजवीकडून धर. डावी काख अजून हळवी आहे, आणि ती कुठं दुखते हे तुला माहीत नसणार.

तुझीच, अजून तरी याच घरातली,
मोठी जाऊ छाया