स्पॅनिशच्या तासाचे टोमॅटो

तीर्थरूप लिंबाजी मामांच्या सेवेशी,

उमरग्याहून भाचा धनाजीचा दंडवत. इकडं आम्ही सगळे बरे आहोत. तिकडं जळकोटला तुम्हीही बरे असालच, नसलात तरी तसं कबूल करण्याचा तुमचा स्वभाव नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन चांगलं झाल्याचं आईकडून कळलं. पट्टी एव्हाना निघाली असेल. डोळे पूर्वीसारखेच घारे आहेत ना? (ऑपरेशननं रंग जात नाही असं इथले डॉक्टर म्हणतात, तरी एकदा आरशात बघून घ्या.) मामींचे गुडघे कसे आहेत? दोन्ही शेळ्या खुशाल आहेत ना? (त्यातली एकही तूर्त विकू नका. हे वाक्य नंतर घुसवलंय; का ते शेवटी कळेल.) खरं तर फोनच केला असता, पण मामी फोन स्पीकरवर लावतात आणि अर्धी गल्ली हजेरी लावते. हा विषय गल्लीचा नाही.

तर मामा, तुमचा भाचा सध्या स्पॅनिश भाषेचा शिक्षक आहे. चष्मा पुसू नका, बरोबर वाचलंत. मला या शाळेत घेतलं ते मराठी आणि पीटीसाठी, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण या जूनमध्ये गावातल्या दुसऱ्या एका इंग्रजी शाळेनं चौकात फ्लेक्स लावला की आमच्याकडं पहिलीपासून जर्मन. आमच्या संस्थेचे अध्यक्ष शांतलिंग अप्पा (मार्केट यार्डात ज्यांची आडत आहे तेच) त्या फ्लेक्सखालून गाडी घेऊन गेले आणि त्यांचं जेवणावरचं मन उडालं. कुणीतरी त्यांना सांगितलं की जर्मन दोन-चार देशांत चालते, पण स्पॅनिश वीसेक देशांत चालते. अप्पा जन्माचे आडते. एका मालाला वीस बाजार मिळत असताना दोन-चार बाजारांचा माल कोण भरेल? आठवड्यात आमचाही फ्लेक्स लागला. आमच्याकडं आधी फ्लेक्स लागतो आणि मग त्यावर लिहिलेली गोष्ट शोधायला माणसं निघतात. फ्लेक्सवर अप्पा हात जोडून उभे आणि मागं स्पेनमधला राजवाडा. (वर्षाराणी म्हणते ते हैदराबादचं मंगल कार्यालय आहे, तिच्या मावसबहिणीचं लग्न तिथंच झालं.)

शिक्षक शोधायची बैठक फार वेळ चालली नाही. मी भाजीवालीशी कानडीत बोलतो हे अप्पांनी कधीतरी ऐकलं होतं. ज्याला एक परकी भाषा येते त्याला दुसरी काय अवघड, असा त्यांनी हिशेब मांडला आणि सगळ्या स्टाफनं टाळ्या वाजवल्या. टाळ्या माझ्या विद्वत्तेसाठी नव्हत्या, आपण वाचलो यासाठी होत्या. मी नाही म्हणणार होतो, पण अप्पा म्हणाले की वर्षअखेर तुम्हाला कायम करून टाकू. मामा, कायम हा शब्द मी इतकी वर्षं ऐकतोय की वर्षाराणीनं तो माहेरी सांगायचंही सोडून दिलंय. तिचे वडील विचारतात तेव्हा ती चहा टाकायला आत जाते. म्हणून मी हो म्हणालो.

शिकवण्याची पद्धत सोपी आहे. सकाळी चुलीवरचं दूध तापेपर्यंत फोनवरून जे शिकायचं, तेच शाळा भरल्यावर तिसरीला शिकवायचं. मी विद्यार्थ्यांच्या फक्त एका दुधाइतका पुढं असतो. ज्या दिवशी दूधवाला येत नाही त्या दिवशी उजळणी. मला वाटलं होतं पोरं हसतील, पालक भांडतील आणि महिन्याभरात हे खूळ विझेल. पण ही पोरं घरात मराठी बोलतात, आजीशी कानडी, टपरीवर हिंदी आणि शाळेत फी भरलीय म्हणून इंग्रजी. पाचवी भाषा आली तर त्यांनी नुसतं थोडं सरकून जागा करून दिली. हे अवघड असतं असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तिसरीतली निकिता म्हणून एक धनगराची पोरगी आहे, ती संध्याकाळी शेळ्या स्पॅनिशमध्ये मोजून कोंडते. तिची आजी चन्नम्मा मला रस्त्यात थांबवून म्हणाली की मास्तर, काय शिकवताव ते कळत न्हाय, पर शेळ्या बरोबर भरत्यात. माझ्या नोकरीत मला मिळालेलं हे एकमेव प्रशस्तिपत्र आहे.

इथवर ठीक होतं. पण फ्लेक्सवर 'भाषा व संस्कृती' असं छापलेलं होतं आणि भाषा चालू झाल्यावर अप्पांना संस्कृतीची आठवण झाली. पहिली संस्कृती मी दिली ती दुपारच्या झोपेची. स्पेनमध्ये जेवणानंतर दुकानं बंद करून लोक आडवे होतात, हे सांगितल्यावर वेळापत्रकात तसा तास पडला. स्पेनची ही एकच गोष्ट मराठवाड्याला शिकवावी लागली नाही. पहिल्या दिवशी मुलं झोपली, दुसऱ्या दिवशी शिक्षक झोपले आणि तिसऱ्या दिवशी सुटीची घंटा द्यायला शिपाईही उठला नाही. पालक शाळेच्या दारात उभे आणि आत सगळं स्पेन घोरतंय. तो तास बंद झाला आणि अप्पांनी मला फर्मावलं की आता अशी संस्कृती शोधा, जी डोळे उघडे ठेवून करता येते आणि जिचा फोटो निघतो.

मी शोधली. स्पेनमधल्या एका गावात दरवर्षी लोक रस्त्यावर जमतात आणि एकमेकांना पिकलेले टोमॅटो मारतात. अप्पा खूश झाले. नोटीस मी नीट लिहिली होती, प्रत्येक मुलानं डब्याच्या पिशवीत दोन-चार टोमॅटो आणावेत, अमुक सणासाठी, वगैरे. अप्पांनी त्यातलं बरंचसं खोडलं, कारण नोटीस आखूड असली की तिला वजन येतं असं त्यांचं मत आहे. उरलं ते एवढंच, की शनिवारी सकाळी पिकलेले टोमॅटो घेऊन शाळेच्या मैदानावर यावे. खाली अप्पांची सही. संस्थेचा शिक्का ऐन वेळी सापडला नाही, म्हणून त्यांनी खिशातला आडतीचा मारला. शिक्का तो शिक्का, असं मला म्हणाले.

आता मामा, तुम्ही शेतकऱ्याच्या जागी बसून बघा. गेल्या महिन्यात इकडं टोमॅटोचा भाव इतका पडला होता की लोकांनी फडात मेंढ्या सोडल्या होत्या. कुणी माल विचारत नाही, यार्डात नेला तर परत आणायचं भाडंही अंगावर. अशात पोरगं दप्तरातून आडत्याची सही-शिक्क्याची चिठ्ठी काढतं की माल घेऊन या. तुम्ही काय केलं असतं?

शनिवारी मी कागदाचा स्पॅनिश झेंडा घेऊन फाटकात उभा राहिलो, तर टेम्पोंची रांग पार हायवेपर्यंत गेलेली. ट्रॅक्टर, मोटारसायकलवर बांधलेले कॅरेट, एका बैलगाडीत टोमॅटोच्या वर बसून आलेली पहिलीतली दोन पोरं. लोकांनी यार्डात लावतात तशा मैदानावर कॅरेटच्या थप्प्या लावल्या, आपापल्या मालावर आपापला टॉवेल टाकला आणि मला विचारायला लागले की काटा कुठाय, हमाली कुणाकडं आणि पैशाची पट्टी आजच मिळणार का. मी हात जोडून सांगितलं की हा माल विकायचा नाही, स्पेन देशात एकमेकांना फेकून मारायचा सण असतो, तो आपण करतोय. चन्नम्मा आपल्या कॅरेटवरून उठली. "फेकायचेच व्हते तर वावरातच फेकले असते की मास्तर. हितवर आणाय कशाला लावलं?" मामा, मी हातातला झेंडा घडी करून खिशात घातला.

नेमके त्याच वेळी अप्पा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत उद्‌घाटनाला उतरले. एवढी गर्दी बघून त्यांचा ऊर भरून आला. माईक घेऊन म्हणाले की संस्कृतीची इतकी ओढ मी आयुष्यात पाहिली नाही, आणि मुलांना म्हणाले की करा सुरू. माझी मुलं शिस्तीची आहेत. मी शिकवल्याप्रमाणं ओळीत उभी राहिली, एकसुरात "उनो, दोस, त्रेस" म्हणाली आणि समोर फेकलं. समोर अप्पा होते. निकिता रोज दगड मारून शेळी वळवते, तिचा नेम चुकत नाही. पहिला टोमॅटो अप्पांच्या खिशावर बसला आणि मग पालकांना सण कळला. स्पेनमध्ये काय होतं ते मला माहीत नाही, पण इतकं मनापासून होत नसावं. ज्यांचा माल अप्पांच्या आडतीत कधीकाळी 'डागी आहे' म्हणून बाजूला काढला होता, ते तर डाग दाखवून दाखवून फेकत होते. अप्पांची गाडी ओळखू येईना. पोरांना शेवटी मीच शिट्टी वाजवून थांबवलं, पीटीची कामाला आली. (फोटो मात्र उत्तम निघाले. दुसऱ्या शाळेनं तेच फोटो आता चौकात लावलेत.)

सोमवारी पालकसभा झाली. टोमॅटोबद्दल कुणी बोललं नाही, तो हिशेब मिटला होता. लोकांनी दुसरंच विचारलं. हे स्पॅनिश खरं हाय का? का मास्तर मनानंच कायतरी म्हणून घेतंय? स्पेनचं माणूस कधी बघितलंय का मास्तरनं? अप्पा कोंडीत सापडले की उभे राहतात. ते उभे राहिले आणि म्हणाले की येत्या स्नेहसंमेलनाला स्पेन देशाहून पाहुणे येणार आहेत, ते स्वतः मुलांची परीक्षा घेतील आणि आमच्या सरांनी सगळं ठरवलेलं आहे. मामा, मी काय ठरवलंय ते मला पालकांबरोबरच कळलं. नंतर मला खोलीत बोलावून अप्पांनी सांगितलं की पाहुणा आला तर कायमची ऑर्डर स्टेजवरच देऊ, नाही आला तर स्पॅनिश बंद आणि तुम्हीही बंद. पाहुणा आणायचा कुठून, हे त्यांनी विचारलं नाही. आडतीत माल सांगितला की माल येतो.

असो. तुम्हाला त्रास द्यावा असा काही हेतू नाही, माणूस आपल्या मामापाशी नाही तर कुणापाशी मन मोकळं करणार? मामींना नमस्कार. काळजी नसावी.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
धनाजी

ता. क. : संमेलनाला तुम्ही यावं अशी विनंती आहे. म्हणजे, स्पेनहून. तुम्ही गोरे आहात, उंच आहात, तुमचे डोळे घारे आहेत आणि चेहरा असा की समोरचा आपोआप सुटे पैसे काढतो. टोपी, कोट मी आणून ठेवलाय. तुम्ही कंडक्टर असताना सख्ख्या बहिणीलाही, म्हणजे आमच्या आईलाही, फुकट बसू दिलं नाहीत, हे मी विसरलेलो नाही. पण यात खोटं बोलावं लागणार नाही, कारण बोलायचंच नाही. नुसतं बसायचं आणि मान हलवायची.

आणखी एक : वर्षाराणीनं हे वाचलं. ती मला म्हणते, तुमचं डोकं फिरलंय का, सभेतल्या अर्ध्या लोकांनी मामांकडून तिकीट घेतलंय. मी तिला सांगितलं की मामांना खाकीशिवाय कुणी पाहिलेलंच नाही. ती पुन्हा चहा टाकायला गेली आहे.

शेवटचं : पत्र बंद करून ठेवलं होतं, पुन्हा उघडलं. पाहुण्यांना विचारायला पोरं एकेक प्रश्न स्पॅनिशमध्ये घोकतायत. आज निकितानं मला विचारलं की पाहुण्यांकडं शेळ्या असतात का. या पत्रात मी सगळ्यांची टिंगल केली मामा, पण त्या पोरीच्या तोंडावर मला खोटं बोलवेना. इतकी वर्षं शिकवलं, पण मी शिकवलेलं कुणी असं घरी नेऊन वापरलं नव्हतं. मी सांगून टाकलं की पाहुणे स्पेनचे नाहीत, जळकोटचे माझे मामा आहेत. ती थोडा विचार करून म्हणाली, "चालतंय की सर. पर त्यास्नी येतंय का?" आता सगळी तिसरी हे जाणून आहे आणि कुणाला सांगणार नाही, अप्पांना स्टेजवर काही कळायचा प्रश्नच नाही. पण पोरांना खरोखर कुणाशी तरी बोलायचंय, तेव्हा नुसती मान हलवून भागणार नाही. सोबतच्या कागदावर धडे लिहून दिलेत, दूध तापेपर्यंत रोज एक करा. निकिता विचारेल, "क्वांतास काब्रास तिएने उस्तेद?" म्हणजे, तुमच्याकडं शेळ्या किती? तुम्ही म्हणायचं, "दोस." दोन. हे तर खरंच आहे. फक्त एखादी गाभण असेल तर उलट टपाली कळवा, पुढचे आकडेही लिहून पाठवतो.