शेवटच्या बाकावरचे पप्पा

प्रिय ढब्ब्या,

पस्तिशीच्या माणसाला या नावानं हाक मारलेली तुझ्या बायकोला आवडायची नाही, तेव्हा हे पत्र तिला दाखवू नकोस. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, चालायचंच. लिहायला बसले ती तुझ्या पप्पांसाठी. गेले काही महिने मी त्यांच्यावर पाळत ठेवून आहे.

तुला ठाऊकच आहे, हा माणूस चर्चमध्ये यायचा तो लग्नाला नाहीतर अंत्यविधीला. तू गॅरेज नको म्हणालास, त्यांनी पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणून तुला घालवलं, त्यानंतर तर तेही बंद. आणि एका रविवारी बघते तर रॉकेलनं नखांतलं ग्रीस खरवडून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याआधी दारात उभे. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आधी वाटलं, पाळकांची जुनी गाडी दुरुस्तीला मिळवायचा डाव असेल. मग पाहिलं तर हे शेवटच्या बाकावर बसतात, आणि त्याच बाकावर ती गोड गळ्याची नर्सबाई. हसू नकोस. मी गायकांच्या रांगेतून मान वळवून वळवून बघत होते, एकदा तर गीताचं कडवंच चुकलं. पण बाईंना यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं. मग मात्र छातीत धस्स झालं. डॉक्टरांनी काहीतरी सांगितलंय आणि हे लपवतायत, असं धरूनच चालले. शर्टांचे खिसे चाचपले, गॅरेजमधले खण उपसले. औषधाची एक गोळी सापडली नाही, जुने स्पार्क प्लग तेवढे निघाले.

प्रभुभोजनाच्या रविवारी प्रभूची आठवण म्हणून प्रत्येकानं एकेक घास घ्यायचा, त्या भाकरीचं ताट बाकाबाकानं फिरतं. ते यांच्या हातात येतं आणि हे काही न घेता शेजाऱ्याकडे सरकवतात. द्राक्षरसाच्या प्याल्याचंही तेच. दर महिन्याला. लोक बघतात रे. आमची चेष्टा करायलाच येतो की काय हा माणूस, म्हणून परवा मी घरी येताना रस्त्यातच त्यांना धरलं. म्हणाले, पाळक दर वेळी बजावतात, ज्याचं कुणाशी वाकडं आहे त्यानं आधी ते मिटवून यावं, मग मी कसा खाऊ. कुणाशी वाकडं ते काही सांगितलं नाही, भराभर पुढे चालू लागले. मला मागे उभ्याउभ्या रडू आलं.

मी लिहितेय हे त्यांना माहीत नाही. शनिवारी ते तुझ्याकडे येतायत. तिकडच्या बाजारात कुठलासा पार्ट मिळतो म्हणे. तो इथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, मी विचारून आले. तू माझाच मुलगा, त्यांना दारात बघून तुला शंभर शंका येतील. पैसे हवे असतील, गॅरेज गळ्यात मारायचं असेल. त्यातलं काही नाही. माफी मागणं त्यांना जमायचं नाही, तूही त्याची वाट बघू नकोस. पार्टबद्दल खोदून विचारू नकोस. हात धुवायला साबण दे आणि पान वाढ. तुझ्या घरी जेवल्याशिवाय तो माणूस प्रभूच्या मेजावरचा घास घेणार नाही.

तुझीच,
संशयी आई