आईंच्या फुलपात्रातली चार टोपणं

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

कोल्हापूर, मंगळवार

शालूवन्संना वहिनीचा नमस्कार.

इकडे आम्ही दोघं बरे. तुमची कंबर कशी आहे? गारगोटीला फोन लावून दमले. आईंच्या तेराव्यापासून तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. (कॅलेंडरचा पाठकोरा कागद आहे, राग नसावा.)

तर झालं असं, आमच्या महिला मंडळानं स्पर्धा काढली. घरातल्या बारक्या वस्तूत पाणी किती मावतं, ते नुसतं बघून सांगायचं. मॅट्रिकला मला गणितात एकसष्ट होते, म्हटलं हे आपलंच. खोकल्याच्या औषधाचं दहा मिलीचं टोपण घेऊन दुपारी सरावाला बसले. आधी अंदाज, मग मोजून ताळा. कुंकवाचा करंडा चार टोपणं, निरांजन दीड, शंख सहा (आधी देवाची क्षमा मागितली), ह्यांच्या चष्म्याचं घर गळतं म्हणून बाद. एकही अंदाज चुकला नाही. शेवटी आईंचं तांब्याचं फुलपात्र घेतलं. अंदाज एकोणीस. एकोणीस ओतली, भरेना. वीस, एकवीस... तेविसाव्याला काठ लागला. परत मोजून काढलं तर एकोणीसच! खाली पाट कोरडा ठणठणीत. ह्यांना दाखवलं तर हसत म्हणाले, "तू मोजून पाजलंस, आता ते मोजून प्यालंय की!" पण त्या दिवशी जेवले नाहीत नीट.

वन्सं, डॉक्टरांनी आईंना चहा-औषधासकट दिवसाला लिटरभर पाणी सांगितलं होतं. वर गेलं तर छातीत पाणी होईल म्हणाले. मी भ्याले. दिवसाला पाच फुलपात्रं, तीही बोटभर रिती. एकोणिसाच्या जागी पंधरा टोपणं. "काठापातूर भर की गं मालन, भांडं काय तुझ्या बापाचं हाय?" म्हणायच्या. असे चाळीस दिवस. तेराव्याला तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "माझ्या आईला मोजून पाणी पाजलंस, वहिनी." पाजलं. वहीत आहे. दर खेपेची चार कमी, तीही आहेत.

म्हणून मी आता ते रोज पाच वेळा भरते. रोज पाच वेळा ते चार टोपणं पितं. एकदा कान लावला, तर घोट उतरल्यासारखा आवाज आला. अंबाबाईचं नाव घेतलं आणि पुढचं टोपण ओतलं. (उरलेलं तुळशीला घालते, वाया काही नाही.) आज चाळिसावा दिवस. संध्याकाळचं एक भरणं तेवढं राहिलंय.

तुमची,
मालनवहिनी

ता. क. स्पर्धेत दुसरा नंबर. पहिला तानाबाईंचा. त्यांनी आयुष्यात कधी काही मोजलेलं नाही.

आणखी ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं. आज सकाळी फुलपात्र एकोणिसाव्या टोपणालाच काठोकाठ भरलं. बरं वाटलं. परत काढायला घेतलं, तर वीस निघाली. हे वरचं एक माझं नव्हे, वहीत कुठल्याच रकान्यात बसत नाही. टोपण तसंच भरलेलं देवापाशी झाकून ठेवलंय. एकटीनं प्यायचं धाडस नाही आणि तुळशीला घालायला हात होत नाही. टोपणावर पाच मिलीचीही रेघ आहे, वन्सं. तुम्ही या.