उसन्या इंजिनाची फटफटी

मी, पुंजाराम रायभान दाभाडे, वय वर्षे बासष्ट, धर्म बौद्ध, एस.टी.च्या वर्कशॉपातून निवृत्त झालेला मेकॅनिक, राहणार मौजे धावडा, तालुका भोकरदन, जिल्हा औरंगाबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब आणायला घरात कोणी असावे लागते, ते नाही. डोके शाबूत आहे. छातीचा मात्र बिलकुल भरवसा धरू नका असे डॉक्टरांनी सांगितले आहे, म्हणून हे काम जल्दी उरकतो.

१. माझी पत्नी सत्यशीला ही मी नोकरीतून सुटलो त्याच वर्षी वारली. दोघांनी गावी येऊन राहायचे ठरले होते, आलो मी एकटाच. अपत्य एकच, मुलगी बेबीनंदा, वाटूरला शाळेत शिक्षिका आहे. दोन खोल्यांचे घर, पुढचा ओटा, मागचे लिंबाचे झाड आणि पोस्टात असेल ती रक्कम तिची. तिने त्यातून विहाराला भिंतीवरचे एक घड्याळ घेऊन द्यावे. वंदनेला सगळे आपापल्या सवडीने येतात आणि मी एकटाच आधीपासून बसलेला असतो.

२. हत्यारे. बसस्टँडवर पंक्चर काढणारा शिवाजी याने माझा दहा-अकराचा पाना नेला, तो अद्याप आणलेला नाही. विचारले की "हाय, हाय, हरपला न्हाई" म्हणतो. माझ्या पश्चात बाकीचे सगळे पानेही त्यालाच द्यावेत. त्याच्यावर माझी माया आहे असा अर्थ कोणी काढू नये. सेट अपुरा राहिलेला मला बघवत नाही.

३. भांडी बेबीनंदाने नेऊन वापरावीत. त्यात पितळी पेले दोनच आहेत. माझ्या ओट्यावर रोज येणारे सर्जेराव माणिकराव गाडेकर यांच्यासाठी मी घरात वेगळा पेला ठेवला आहे, अशी चेष्टा गावात चालते. वेगळा म्हणजे माझा सोडून उरलेला. तिसरा पेला लागेल इतके लोक माझ्याकडे कधी आले नाहीत.

४. फटफटी. हे कलम लांबेल. खरे म्हणजे सगळे मृत्युपत्र याच कलमासाठी लिहायला घेतले आहे.

निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत कोणा शिपायाची मिलिटरी फटफटी आमच्या ओढ्यात पडून राहिली. मी तेव्हा गावात नव्हतो. गावाने ती थोड्याच दिवसांत वाटून घेतली. इंजिन सर्जेरावाच्या वडिलांनी विहिरीवर बसवायला नेले. ते कधी बसले नाही, गोठ्यात पडून राहिले. पेट्रोलची टाकी दुर्गाबाईंच्या दुकानात गोडेतेल साठवायला गेली. पुढचे चाक काकासाहेबांनी गारेगारच्या हातगाडीला लावले. सांगाडा कोणालाच नको होता. तो आमच्या वस्तीत आला आणि माझ्या आईने त्यावर दोडक्याचा वेल चढवला. नोकरीतून परत आलो तेव्हा वेल वाळून गेला होता, आई नव्हती, सत्यशीला नव्हती आणि सांगाडा तसाच उभा होता. हातांना काय काम द्यावे कळेना, म्हणून मी त्याचा गंज घासायला बसलो.

मग इंजिन मागायला गेलो. सर्जेराव माझ्याच वयाचा. तो मला लहानपणापासून अरे-तुरे करतो. नोकरीवरून आल्यापासून मीही करतो. गावाला ते खटकते, त्याला नाही. तो गोठ्यात शेणाच्या पाट्या उचलीत होता. म्हणाला, "उचल आन ने. तुमच्या लोकायला आमच्या दारातून कधी न्हाई म्हनलं न्हाई."

मी उचललेले इंजिन खाली ठेवले. म्हणालो, "असं नको. उसनं दे. परत करीन."

तो हसला. इंजिन काय पायलीभर जवारी आहे काय, असे त्याचे म्हणणे. पण मी हललो नाही. माझ्या बापाने त्या दारातून पुष्कळ उचलून आणले होते. त्याला 'परत करीन' म्हणायची सोय नव्हती. उसनवार बरोबरीच्यांत चालते. शेवटी सर्जेराव म्हणाला, "बरं, उसनं." त्यानंतर टाकी आणि चाकही मी त्याच बोलीवर आणले. जिवंत आहे तोवर माझ्याकडे, पुढे ज्याचे त्याला. या कलमाचा पाया तो शब्द आहे.

पिस्टन गंजून आत धरला होता. घासलेट ओतून ठेवायचे आणि रोज लाकडाचा ठोकळा ठेवून हळूच ठोकायचे. घाई केली असती तर तडकला असता. पावसाळा उलटला तेव्हा तो एकदाचा हलला. सिलिंडर औरंगाबादेहून बोअर करून आणला. मागे जास्त दात्यांचे चक्र घातले, म्हणजे वेग कमी पण चढाला जोर. सायलेन्सर वर उचलून बांधला, म्हणजे दगड लागत नाही. सडकेवर मिरवायला मी ती गाडी केलीच नव्हती. किक उलटी येऊन नडगी फुटली ती खूण अजून आहे, ती कोणाच्या नावे करता येत नाही.

मी डोंगराच्या पायवाटांनी जातो. गाव हसते, की पुंजारामाला चांगली सडक सोडून खडकात काय मिळते. माझा बाप गावकीच्या चिठ्ठ्या घेऊन याच वाटांनी उन्हातान्हात धावायचा आणि साहेबाच्या घोड्यापुढे पळायचा. त्या वाटेने बिनकामाचा तो एकदाही गेला नाही. मी जातो. खिशात कोणाची चिठ्ठी नसते, वर कोणी वाट बघत नसते. माथ्यावर इंजिन बंद करून पलीकडचा मुलूख बघतो आणि खाली येतो. फार आनंद होतो. मग तो सांगायला शेजारी कोणी नाही हेही त्याच वेळी कळते.

एक गोष्ट मला नंतर उमगली. वस्तू उसनी दिली की मालक बघायला येतो. विकत घेतली असती तर कोणी फिरकले नसते. दुर्गाबाई बाजाराच्या दिवशी येऊन टाकीवर बोटाने टकटक करतात आणि पोचा कोणी पाडला विचारतात. काकासाहेब चाक फिरवून बघतात. सर्जेराव तर रोज संध्याकाळी इंजिनाची चौकशी करायला येतो. सुरुवातीला उभ्यानेच विचारायचा. मग ओट्यावर बसू लागला, पाणी आपल्या तांब्यातले प्यायचा. एका उन्हाळ्यात तांब्या विसरला आणि माझ्या माठातले प्याला. त्यानंतर तांब्या आणलाच नाही. दिवसभरात माझ्या तोंडून जे काही शब्द निघतात ते तेव्हाच.

बेबीनंदा सुटीला आली की पदर खोचून गाडी चालवते. माझ्यापेक्षा बरी चालवते, कारण ती खडकाला भीत नाही. गेल्या उन्हाळ्यात ती म्हणाली, "अण्णा, घर नको मला. ही गाडी द्या." मला सांगावे लागले की गाडी आपली नाही, आपला नुसता सांगाडा आहे. ती म्हणाली, एवढ्या वर्षांनी कोण मागणार आहे? मी म्हणालो, कोणी मागो न मागो, मी शब्द दिला आहे. ती दुसऱ्या दिवशीच वाटूरला गेली. तेव्हापासून पत्रात फक्त खुशाली असते. तिला नाही म्हणताना मला जे झाले ते इथे लिहून ठेवतो, कारण तोंडाने सांगता आले नाही. माझ्याकडे तिला देण्याजोगी तेवढी एकच गोष्ट होती, आणि ती माझी नव्हती.

टाकी आणि चाक जुन्या बाजारात दुसरे मिळेल. तसले इंजिन आता मिळत नाही. त्याशिवाय गाडी म्हणजे पुन्हा वेलाचा मांडव.

सबब, माझ्या पश्चात होणाऱ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी ज्याने त्याने स्वतः माझ्या घरी येऊन आपला भाग खोलून न्यावा. आपल्याऐवजी दुसऱ्याला पाठवू नये. इंजिन सर्जेरावाने न्यावे. सांगाडा बेबीनंदाचा. त्या दिवशी तरी घर भरलेले असेल.

५. मला नेताना रडारड नको, बेंडबाजा नको. बुद्धवंदना व्हावी, आणि ती वेळेवर व्हावी.

६. पुरवणी. वरील मजकूर आज माझ्या ओट्यावर सर्वांसमक्ष वाचून दाखवला. बेबीनंदा वाटूरहून आली होती. कागद तपासायला भोकरदनचे अर्जनवीस होते. पहिली साक्ष दवाखान्यातील नर्सबाई गिरिजाबाई यांनी केली. दुसऱ्या साक्षीला येणारे मुख्याध्यापक बस न आल्याने पोचले नाहीत. सर्जेराव म्हणाला, मी करतो. अर्जनवीसांनी त्यास अडवले. ज्याला या कागदाने काही मिळायचे आहे त्याने साक्ष करू नये, केल्यास त्याचे मिळणे बुडते, असे त्यांचे म्हणणे पडले.

सर्जेरावाने ते दोनदा समजून घेतले. मग विचारले, "म्हंजे सही केली की इंजन गेलं?"

अर्जनवीस म्हणाले, गेले.

"मंग पेन द्या इकडं."

मी कागदावर हात ठेवला. म्हणालो, "सर्जेराव, दान नको. दान होऊ नये म्हणूनच इतकी वर्सं उसनं सांभाळलं."

तो म्हणाला, "दान कशाचं? पोरं वाटन्या करून गेले. घरी माझ्याशी बोलाया कोन हाय? चार वर्सं रोज तुझ्या वट्ट्यावर येऊन बसून राह्यलो. इंजनाचं नुसतं निमित्त व्हतं. ते बसनं मी उसनंच घेतलं व्हतं, पुंजाराम. ते कशानं फेडू?"

इतकी वर्षे मला वाटत होते, की त्याचे येणे फक्त माझ्याच गरजेचे आहे. मी हात काढून घेतला.

दुर्गाबाईंनी आपण कशावरही अंगठा देणार नाही आणि टाकी सोडणार नाही असे स्पष्ट सांगितले. काकासाहेबही चाकावर ठाम आहेत. त्यांचे त्यांना मिळेल. इंजिनापुरते कलम चार रद्द समजावे. इंजिन सांगाड्यासह बेबीनंदाचे. ती उठून गाडीजवळ जाऊन उभी राहिली, आणि अजून तिथेच आहे.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खुशीने सही केले.

मुक्काम धावडा. दिनांक २० नोव्हेंबर १९७७.

(सही) पुंजाराम रायभान दाभाडे

साक्षीदार:

१. (सही) गिरिजाबाई, नर्स, सरकारी दवाखाना. लिहून देणाराशी ओळख: औषधपाण्याची.

२. (सही) सर्जेराव माणिकराव गाडेकर, धंदा शेती, राहणार धावडा. लिहून देणाराशी ओळख: रोजची उठबस.