तीन नग, एक दोर आणि गीताचा शालू

मी, शिवराम वासुदेव टोकेकर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, रेल्वेच्या भांडारातून निवृत्त आणि ड्रमवादनातून अद्याप अनिवृत्त, राहणार दूधविनायक, वाराणसी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी पत्नी सौ. गीता हिच्याकडेही तसा दाखला मागितला होता, तो तिने दिला नाही. मला कोणी धाक घातलेला नाही, भुरळ घातलेली नाही, आणि आज शनिवार असल्यामुळे मी भांगही घेतलेली नाही. माझ्या पश्चात कोणी भांडू नये एवढाच हेतू. आणि भांडायचेच झाले तर कलम सहावरून भांडू नये, ही हात जोडून विनंती.

कलम १. दूधविनायकातील दोन खोल्या आणि वरची गच्ची माझ्या पश्चात गीताची आणि तिच्यानंतर आमची एकुलती मुलगी हिमानी हिची. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत मी रोज सकाळी रियाज करतो. ती खोली भाड्याने देऊ नये. खालच्या मजल्यावरून तक्रार आली तर ती नम्रपणे ऐकून घ्यावी आणि रियाज चालू ठेवावा. मी चाळीस वर्षे हेच केले.

कलम २. बँकेतली ठेव गीताच्या नावे आहेच. त्याबद्दल आणखी लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ३. आता मुद्द्याचे. माझ्या वाद्याचे नग तीन: एक स्नेअर, म्हणजे खाली तारा ताणलेला उथळ ड्रम, एक हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडमीट करायची झांजांची जोडी, दांडा कापून आखूड केलेली, आणि मोठ्या ड्रमच्या जागी एक तपकिरी प्रवासी बॅग, जिच्यावर पायाचा पेडल आपटतो. सोबत एक दोर. एवढेच. लोक विचारतात, बाकीचे ड्रम कुठे गेले? ते कसे गेले ते नोंदवून ठेवतो, कारण गल्लीत याच्या तीन वेगवेगळ्या कथा आहेत आणि त्यातल्या दोन मीच सांगितल्या आहेत.

१९८९ साली माझ्याकडे पाच ड्रमचा पूर्ण संच होता. त्या फाल्गुनात आमच्याच एका मराठी घराची मुंज अमृतराव घाटावर लागली. दुपारी जेवणे झाल्यावर पाहुण्यांना आमच्या वाद्यवृंदासह नावेतून फिरवायचे ठरले होते. मी सकाळीच सगळा संच चार खेपा करून मुन्शी घाटावर आणून ठेवला होता. प्रल्हाद नावाडी तेव्हा पंचविशीचा होता. त्याने माझ्या पसाऱ्याकडे पाहिले, नावेतल्या तीस पाहुण्यांकडे पाहिले आणि म्हणाला, "मास्टर, ई नाव हौ, मालगाड़ी ना हौ. दू ठे समान अउर एक ठे झोरा. बस!" दोन नग आणि एक पिशवी, यापुढे काही नाही. मी पुष्कळ हातवारे केले. त्याने सरळ वल्हे उचलले.

मग मी स्नेअर आणि हाय-हॅट उचलले, आणि तारा-खिळे ठेवायची माझी तपकिरी बॅग घेतली. काठ्या कमरेला होत्या, पेडल हातात होता. मोठा ड्रम पायरीवरच राहिला. नाव सुटली, गाणे सुरू झाले, आणि पायाखाली मारायला काही नाही! पायाखाली काही नसलेला ड्रमर म्हणजे चप्पल हरवलेला वऱ्हाडी. मी पेडल बॅगेच्या कडेला अडकवला आणि पाय मारला.

काय सांगू! 'धप्प.' घुमणे नाही, झणझणणे नाही. भिजलेल्या मातीवर नारळ पडावा तसा आवाज. पाहुणे बसल्या जागी डोलू लागले, मुंजा मुलगा उठून नाचला, त्याची आई "अरे पडशील!" म्हणून ओरडली. बॅग पुढे सरकत होती, तेव्हा प्रल्हादने स्वतः नावेचा दोर कापून ती माझ्या पाटाला बांधून दिली. तोच हा दोर.

समोर गीता साध्या सुती साडीत बसली होती आणि माझ्याकडे एकटक पाहत होती. मला वाटले, वादन आवडले. घाटावर उतरल्यावर तिने कमरेची किल्ली काढली, बॅग उघडली आणि आतून आपला लग्नातला शालू बाहेर काढला. आमच्या घरात दोन सारख्या तपकिरी बॅगा होत्या. मी चुकीची उचलली होती. सकाळभर तिने शालू शोधला, मिळाला नाही, म्हणून सुतीवर मुंजीला आली; आणि दुपारभर तिचा शालू तीस पाहुण्यांसमोर माझ्या लाथा खात होता. "आता तरी द्याल का?" एवढेच ती म्हणाली.

मी दिला नाही. त्या शालूमुळेच तो आवाज आहे, हे मला पक्के कळले होते. मी तिला हात जोडून म्हटले, तो बॅगेतच राहू दे. ती म्हणाली, "राहू दे. पण किल्ली माझ्याकडे." तेव्हापासून किल्ली तिच्याकडे आणि आवाज माझ्याकडे. बाकीचे ड्रम मी हळूहळू वादनातून काढून टाकले.

कलम ४. वरील तीन नग व दोर माझी नात, हिमानीची मुलगी रुचा, हिला द्यावेत. ती इथेच विद्यापीठात शिकते आणि माझ्यापेक्षा चांगली वाजवते. हे तिला मृत्युपत्र उघडेपर्यंत कळू नये. तिच्यासाठी काही सूचना.

पोरी, यात नग वाढवू नकोस. पाच ड्रम असले की हात कंटाळला की पुढच्या ड्रमवर पळतो. एकच असला की तिथेच काहीतरी सुचवावे लागते. मध्ये मार, कडेला मार, लाकडावर मार, तळहात ठेवून मार. त्या एका कातड्यावर मला मोजून अकरा आवाज सापडले, बाराव्याच्या मागे आहे. नावेच्या पाटावर बसून वाजवल्यामुळे माझे गुडघे वर येतात, हात लांबून येत नाही, म्हणून माझा मार हलका राहिला आणि गाणाऱ्यांना माझ्यावर ओरडावे लागले नाही. खुर्चीवर बसू नकोस. गाणे संपताना आपटायला मोठी झांज नाही, म्हणून आपल्याला थांबावे लागते. थांबणे जमायला मला नऊ वर्षे लागली. लोकांना वाटते मी मुद्दाम थांबतो, वा वा म्हणतात. तू खुलासा करत बसू नकोस.

कलम ५. श्री. सुमंत यांच्याविषयी. हे आमच्या वाद्यवृंदाचे चालक आणि गायक. १९९४ साली भर तालमीत ते मला म्हणाले, "टोकेकर, हे ड्रम आहेत की बिऱ्हाड?" आणि लखनौहून नऊ ड्रमचा एक वादक बोलावला. तो वादक आमच्या गल्लीच्या वळणावर आपल्या ड्रमांसकट अडकला. मागे एक म्हैस, पुढे दुधाच्या कॅनवाला. तिघांपैकी कोणालाच मागे जाता येईना. तासाभराने सुमंतांचा निरोप आला, "टोकेकरांना बोलवा." मी गेलो, वाजवले, परत आलो. माफी मात्र एकतीस वर्षांत मागितलेली नाही. म्हणून जुन्या संचातले माझे उरलेले दोन टॉमटॉम, म्हणजे मधल्या आकाराचे ड्रम, त्यांना द्यावेत. सध्या त्यांत गीताने अळू लावले आहे. ते काढून घ्यावे.

कलम ६. बॅगेतला शालू.  मी गेल्यावर हिमानी तो शालू काढून घेईल याची मला खात्री आहे. दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा ती गोड हसून म्हणाली, "बाबा, शालूची काळजी तुम्ही सोडा हो." इतके गोड ती लहानपणी बरणीतले लाडू संपवल्यावर बोलायची. शालू गेला की बॅग हा रिकामा डबा आहे. मग माझ्या रुचाला काय मिळाले? सबब, माझी अंतिम इच्छा अशी की सदर शालू सदर बॅगेतून कोणीही, कधीही, कोणत्याही कार्यासाठी बाहेर काढू नये.

येथपर्यंत काल लिहिले. आज रविवार. पुढचे लिहिताना हसू आवरत नाही, अक्षर वाकडे आले तर वाचणाऱ्याने समजून घ्यावे.

सकाळी वकील चि. निमिष आले. साक्षीदार म्हणून सुमंत आणि प्रल्हाद यांना बोलावले होते. निमिषने कलम पाच वाचून सांगितले, "काका, साक्षीदाराला लाभ देऊ नये." मी म्हटले, यात लाभ कुठे आहे? सुमंतांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "टोकेकर, चुकलोच मी तेव्हा. टॉमटॉम नकोत, पण अळू द्याल का? आमच्या हिच्या हातची वडी फार छान होते." एकतीस वर्षे मी ज्याची वाट पाहत होतो ते अळूच्या निमित्ताने आले.  कलम पाच रद्द. अळू आजच दिले.

मग निमिष कलम सहाशी आले. "काका, शालू काकूंचा आहे. स्त्रीधन. तुम्ही त्याची विल्हेवाट लावूच शकत नाही. आणि बॅगेत काय काय आहे, याची यादीही जोडावी लागेल." हिमानी आणि रुचा दारात उभ्या होत्या. एकमेकींकडे बघून त्यांनी तोंडावर पदर-ओढणी घेतली. गीताने शांतपणे किल्ली काढली.

आत शालू नव्हता. एक जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले हिरवे नऊवारी लुगडे होते. सोवळ्याचे. चार घड्या, मध्ये एक पीळ.

"शालू?" मी म्हटले.

"मुंजीनंतर आठ दिवसांनी काढला. रेशीम दोनच दिवस बरं वाजलं, मग आवाज चपटा झाला. तुम्हाला कळलं नाही, मला कळलं. मग तुमच्या आईंचं जुनं लुगडं घालून बघितलं. त्या दिवशी तुम्ही घरी येऊन म्हणालात, आज आवाज काय बसलाय!"

"मग आजवर?"

"दर दसऱ्याला बदलते. नवं लुगडं घुमतं, फार जुनं झालं की आवाज दबतो. तुम्ही भाजीला गेलात की पाय मारून बघते आणि घडी कमीजास्त करते. थंडीत एक पीळ जास्त लागतो."

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही लोकांना इतक्या कौतुकाने सांगायचात, माझ्या बायकोचा शालू वाजतो म्हणून. म्हटलं, वाजू दे." एवढे बोलून तिने भिंतीकडे बोट केले. हिमानीच्या लग्नाचा फोटो. त्यात गीता तोच शालू नेसून माझ्या शेजारी उभी आहे. तो फोटो बावीस वर्षे माझ्या डोक्यावर टांगलेला आहे. त्या दिवशी मी तिला "नवीन घेतलास का?" असे विचारले होते, असे हिमानी सांगते. प्रल्हाद गुडघ्यांवर हात मारून हसत होता. "मास्टर, पूरा मोहल्ला जानत रहल!"

मी भांडारात सदतीस वर्षे प्रत्येक खोके उघडून खिळान् खिळा मोजून घेतला. ही एक बॅग उघडली नाही. छत्तीस वर्षे माझ्या वाद्याचा सूर दुसरेच कोणी लावत होते आणि दाद मी घेत होतो. लाज वाटायला हवी होती. ती वाटली नाही. माझे छत्तीस वर्षांचे एकट्याचे वादन आज दोघांचे निघाले, याचा मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे पेडल लावून वाजवून दाखवले. गीता म्हणाली, "अर्धी घडी कमी करा." केली. खरेच, बाराव्या आवाजाचा माग लागला.

तेव्हा: कलम सहा रद्द, खाडाखोडीवर माझी सही आहे. कलम चार दुरुस्त: सदर वाद्य आजपासून शिवराम व गीता या दोघांच्या मालकीचे मानावे. दोर प्रल्हादचा होता, त्याने तो इथेच राहू दे म्हटले आहे. रुचाला वाद्य दोघांकडून मिळेल, पण घडी घालायला ती आजीकडून शिकेल तेव्हाच. शिकवायला आम्ही दोघेही अजून जिवंत आहोत, म्हणून उद्या सकाळी सातला गच्चीवर यावे.

हे सर्व मी वाचून पाहिले, मला मान्य आहे, आणि सर्वांसमक्ष सही करत आहे. सहीच्या वेळी गीता आत जाऊन शालू नेसून आली आहे. या वेळी मी ओळखला.

सही: शिवराम वासुदेव टोकेकर

आमच्यासमोर सही झाली. सही करणारा हसत होता, पण शुद्धीत होता.
साक्षीदार १: सुमंत (अळू मिळाले, लाभ नव्हे)
साक्षीदार २: प्रल्हाद, नावाडी, मुन्शी घाट

खाली माझ्या हाताने: शालू माझा आहे, तो मी नेसणार. पुढच्या दसऱ्याला बॅगेत निळे लुगडे घालायचे आहे. ते मऊ व्हायला अजून वर्षभर लागेल, तोवर यांनी मरू नये.
— गीता शिवराम टोकेकर

स्थळ: दूधविनायक, वाराणसी
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५