घोट्यावरचे वण

आमगाव, ९ फेब्रुवारी, रविवार संध्याकाळ

आज ज्योतीला पाहायला पाहुणे आले होते. घोट्यांवरचे घुंगरांचे काळे वण झाकतील अशी साडी मी मुद्दाम खाली नेसली. झाडीपट्टीच्या नाटकांत पंधरा वर्षं पहिल्या नंबरची नर्तकी होती मी, पण सोयरिकीत ते कोण सांगते? शिवणकाम करते म्हणून सांगितलं.

चहा घेता घेता पोराचे वडील म्हणाले, "देवरीकडं मंडईची जत्रा भरली का रातच्या नाटकात एक बाई नाचे. तशी मंग कोणी पायलीच नाही. कोठं गेली असन ते?"

ज्योती माझ्याकडेच पाहून राहिली होती. मी साडी आणखी खाली ओढली आणि म्हणाली, "मेली म्हणते."

काऊन म्हणाली मी असं? माहीत नाही म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला. मग उठलेच.

ते गेल्यावर ज्योती कप उचलत म्हणाली, "माय, पोराले मी फोनवर तुया नाचाचं पयलेच सांगतलं होतं. म्हणून तं त्याचे बाबा आले होते. तुले पाहाले."